चंद्रीच्या वाटणीचा शेपू

"घ्या वास," निलव्वामावशी म्हणाली आणि दुधाचा तांब्या तिनं थेट माझ्या नाकाशी आणला.

सकाळचे आठ वाजले होते. जनावरांच्या दवाखान्याचं कुलूप मी नुकतंच काढलं होतं. मावशीच्या एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात दावं आणि दाव्याच्या टोकाला चंद्री. चंद्री म्हणजे मावशीची शेळी. अंगानं काळी, कपाळावर पांढरा ठिपका. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली असं मला वाटलं. शेळ्या हसत नाहीत हे मला सरकारी खर्चानं पाच वर्षं शिकवलं होतं, तरीही वाटलं.

"गुरुजी म्हणत्यात चहाला वास येतोय. तलाठी म्हणतोय दुधातच वास हाय," मावशी म्हणाली. "मी म्हणलं, सरकारनं गुरांचा डाक्टर ठिवलाय गावात, तो सांगंल. घ्या की!"

मी वास घेतला. तांब्यातून शेपूचा असा भपकारा आला, की डोळे बांधून कुणी विचारलं असतं तर मी जुडीच समोर धरली आहे म्हणून सांगितलं असतं. दुभत्या जनावरानं उग्र पाला खाल्ला की तो वास दुधात उतरतो. परीक्षेत मला यावर प्रश्न आला होता आणि मी तो सोडवलाही होता. पण शेपू चंद्रीला कोण घालतं, या प्रश्नाचं उत्तर सगळ्या कुंभेहाळ गावात एकट्या मलाच माहीत होतं.

"कसला वास?" मी म्हणालो. "चांगलं आहे की दूध."

मावशीचा चेहरा सैल पडला. "न्हाई न्हवं? नीट घ्या."

"अजिबात नाही."

"तुमी न्हाई म्हणला म्हंजे न्हाई. तुमच्या नाकाजिभंवर माझा भरवसा हाय." तिनं तांब्यावर पदर टाकला. "आन् आणिक एक. ही पाणी लई प्याय लागलीया. पयली एक बादली पुरायची, आता दोन बी पुरंनात."

हे मात्र मला खरोखरच नवीन होतं. मी चंद्रीला खोड्यात उभी केली, ताप पाहिला, पोट दाबलं, डोळ्याच्या पापण्या उलटवून पाहिल्या. शेळी ठणठणीत होती. मी रजिस्टरमध्ये "तहान, कारण अज्ञात" असं लिहिलं आणि एक निरुपद्रवी पूड दिली. चंद्रीनं ती पूड हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की यापेक्षा बरं जेवायला घालतोस तू रोज.

घालत होतोच.

मी मालवणकडचा, मोरेश्वर कुबल. वादळामुळे होड्या बाहेर पडल्या नाहीत की आमच्या घरी आई माठाची भाजी करायची, आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. अशा घरातला मी, चोवीस वर्षांचा, पहिल्याच नेमणुकीला सोलापूरच्या दक्षिणेला कर्नाटकाला खेटून असलेल्या गावात येऊन पडलो. या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. समुद्र तिथून इतका लांब होता, की मासा म्हटलं तर लोकांना शाळेतल्या भिंतीवरचं चित्र आठवायचं. गावात खानावळ एकच, आणि ती निलव्वामावशीची. मावशी लिंगायत. खानावळीत मासळीचं नाव काढायचीही सोय नव्हती.

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मल्लप्पा नावाच्या दिराच्या घराची रस्त्याकडची खोली आणि मागचं परसू एवढं तिच्या हाती होतं. त्या परसात तिनं वाफे केले होते आणि वाफ्यांत जे उगवेल ते आमच्या ताटात येई. भाकरी, शेंगाचटणी, दही आणि पालेभाजी, तीही दोन तऱ्हांची, एक शिजवलेली आणि एक कच्ची. शिजवलेल्यात ताकातला चाकवत, कण्या घालून अंबाडी, मुगाची डाळ घालून शेपू. कच्च्यात मेथीची पचडी, नाहीतर पाथरीची कोवळी पानं कांद्यात कालवून. शेपू आठवड्यातून तीनदा, कारण परसात तो गवतासारखा माजला होता. आमटी नसायची. "पातळ भाजी आसताना आमटी कशाला?" असा मावशीचा सवाल.

बाकी सगळ्यांना हे ताट म्हणजे स्वर्ग होता. हिप्परकर गुरुजी नऊ वर्षं तिथं जेवत होते. त्यांचं बिऱ्हाड सोलापुरात आणि ते इथल्या शाळेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला कौतुकानं मावशीची करामत दाखवली होती. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, ही तिच्या सासूची शिस्त. म्हणून मीठ ती वाफेवरून ओळखायची. झाकण काढायचं, तोंड पातेल्यावर धरायचं, डोळे मिटून खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "अर्धी चिमूट कमी हाय."

"बारा गावांत अशी बाई नाही," गुरुजी म्हणाले. मग आवाज उतरवून, "फक्त ताटात टाकू नका हं, डॉक्टर. कृषी खात्याच्या एका साहेबानं अंबाडी बाजूला सारली होती. दुसऱ्या दिवशी मावशीनं त्याचा पाट उचलून आत नेला. बोलली काही नाही. त्यानं पुढचे आठ महिने बिस्किटांवर काढले."

मला स्टोव्ह पेटवता येत होता, तोही कधीमधी. बिस्किटांचे आठ महिने माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

पहिला आठवडा मी कसाबसा रेटला. एक घास भाजीचा, तीन घोट पाण्याचे, आणि वाटीच्या तळाशी थोडं राहिलंच तर भाकरीच्या तुकड्याखाली लपवायचं. मग एका दुपारी माझ्या पाटाशेजारच्या खिडकीतून दोन खूर आत आले आणि त्यांच्या मागून चंद्रीचं तोंड. मावशी आत भाकरी थापत होती. मी भाकरीच्या तुकड्यात शेपू गुंडाळला आणि पुढे केला. चंद्रीनं तो असा गट्टम केला, की मला आयुष्यात पहिल्यांदाच देवाची योजना कळल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून ती खिडकी माझी आणि पालेभाजी तिची. शिजवलेली, कच्ची, दोन्ही वेळची. मी भाकरी, चटणी आणि दह्यावर जगू लागलो.

"कसं झालंय, डाक्टर?" मावशी दारात येऊन विचारायची. विचारताना ती माझ्या तोंडाकडे कधीच पाहायची नाही. माझ्या ताटाकडे पाहायची.

"झकास!" मी म्हणायचो. ताट धुतल्यासारखं असायचं.

दिवाळीनंतर चंद्री माझ्या भाजीवर अधिकच जीव टाकू लागली. आधी ती वाट बघायची, मग ती खिडकीत चढून हाका मारू लागली. मला वाटलं तिचा माझ्यावर लोभ जडला. तारुण्यात माणूस कुणाच्याही प्रेमाचा अर्थ स्वतःला सोयीचा लावतो.

आणि त्याच सुमारास खानावळीतले पाट कमी होऊ लागले.

मुक्कामाच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर डबा आणू लागले. तलाठ्याला कुठल्याशा वैद्यानं पथ्य सांगितलं. एका दुपारी गुरुजी जेवताना पाण्याचे चार तांबे प्यायले आणि बाहेर येऊन माझा हात धरून म्हणाले, "तुमची कमाल आहे, डॉक्टर."

"कशाची?"

"खाता कसं हो तुम्ही? ताटाला डाग ठेवत नाही!"

माझी पाचावर धारण बसली. यांनी खिडकी पाहिली की काय? "सवय झाली," मी पुटपुटलो.

"कोकणातली माणसं काटक," गुरुजींनी सुस्कारा सोडला. "मी नऊ वर्षं खाल्लं. आता नाही होत. पण तिला सांगायचं कुणी? पाट उचलेल ती." पुढच्या सोमवारपासून त्यांचाही डबा सोलापूरहून एसटीनं येऊ लागला. ते शेपूविषयी बोलत होते असं मी समजलो, आणि नऊ वर्षांनी का होईना शहाणपण सुचलं म्हणून मनातल्या मनात त्यांचं अभिनंदन केलं.

पौष लागला तेव्हा त्या खोलीत जेवायला मी एकटा उरलो होतो.

एक दिवस मी जेवत असतानाच मल्लप्पा आला. तब्येतीनं आडवा, बोलायला सरळ. दारातच उभा राहून म्हणाला, "वैनी, संक्रांत झाली की खोली मोकळी कर. मला पिठाची गिरणी बसवायचीय. एका डाक्टरसाठी चूल कशाला पेटवायची? आमच्यात दोन येळ जेव, नातवंडं संबाळ. काय कमी हाय तुला?"

"मी माझ्या चुलीपाशी बसून ऱ्हाईन, मल्लप्पा. दुसऱ्याच्या हातचं खाऊन न्हाई."

"पर माणसं कुटं हायत?"

मावशीनं हातातलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "भोगीला सगळ्यास्नी जेवाय बलावते. तू बी ये. जेवून उठल्यावर माणसं परत येतो म्हणली तर तुझी गिरणी दुसरीकडं बसीव. न्हाई म्हणली तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी मीच चूल मोडंन."

"झालं," मल्लप्पा म्हणाला आणि गेला.

मावशी माझ्यापुढे येऊन बसली. तिला मी बसलेली कधी पाहिलीच नव्हती. "डाक्टर, खरं सांगा. भाजी चांगली हाय न्हवं? मग का जात्यात वो माणसं?"

खिडकीबाहेर चंद्री शेवटचा घास चावत होती. "मावशी, माझं ताट बघा," मी म्हणालो. "आणखी काय सांगू?"

तिनं ताट बघितलं आणि ती हसली. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून अंगाला बोचतं.

भोगीच्या दिवशी मी बाराला पोचलो तर खोली भरलेली. गुरुजी, तलाठी, एसटीचे दोघे, शेजारचे दोनतीन जण आणि भिंतीला टेकून मल्लप्पा. सगळ्यांच्या पुढ्यात बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची लेकुरवाळी भाजी, वाटीत ताकातला चाकवत आणि दुसऱ्या वाटीत शेपू. पण सगळ्यांचे चेहरे इंजेक्शनच्या रांगेत उभे केल्यासारखे, आणि प्रत्येकाचा एक हात पाण्याच्या तांब्याजवळ.

मी माझ्या पाटावर बसलो आणि सवयीनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत नुसतं आभाळ होतं.

"चंद्री कुठंय?" मी विचारलं. आवाज जरा चिरकलाच.

"शेजारी बांधली आज," मावशी म्हणाली. "दुधाला वास म्हणत्यात, कुणाला बोलाय जागा नको." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आज पयला घास डाक्टरांचा. माणसं गेली, डाक्टर न्हाई गेले. त्यांनी सुरवात केल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

नऊ जणांच्या नजरा माझ्यावर. मी चाकवतात भाकरी बुडवली, डोळे मिटले आणि घास तोंडात घातला.

लहानपणी मी एकदा मालवणच्या बंदरात बुडता बुडता वाचलो होतो. त्या दिवशी नाकातोंडात गेलेलं पाणीसुद्धा एवढं खारट नव्हतं. जीभ आतल्या आत आक्रसली, कानशिलं तापली. मी घाईनं शेपू चाखला. तो चाकवताचा थोरला भाऊ निघाला. आणि मग एका क्षणात मला सगळं दिसलं. गुरुजींचे चार तांबे, तलाठ्याचं पथ्य, चंद्रीच्या दोन बादल्या. शेळ्यांना मीठ प्राणापलीकडे आवडतं, हे तर शाळेतलं पोरही सांगतं. मी पदवीधर होतो.

"कसं झालंय?" मावशीनं दारातून विचारलं. नजर ताटावर.

नुसतं "झकास" म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. ती सगळी भली माणसं कसेबसे चार घास गिळून, तोंडदेखलं काहीतरी बोलून उठली असती आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिची चूल मोडली असती. मी भरल्या ताटावरून उठलो. खोलीत कुणीतरी "अरे अरे" म्हणालं.

"कुणी हात लावू नका," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणून सांगतोय." मी कोणाचा डॉक्टर आहे हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी हात मागे घेतले.

आत जाऊन मी दार लोटलं. मावशी चुलीपाशी ताठ उभी होती.

"मीठ," मी म्हणालो.

"कमी हाय?"

"मावशी, चौपट आहे. तोंडात धरवत नाही."

"काल तर एवढंच व्हतं. काल तुमी ताट पुसून खाल्लं."

आता मागे फिरायला जागा नव्हती. मी सांगून टाकलं. "काल मी नाही खाल्लं. पहिला आठवडा सोडला तर मी तुमची भाजी कधीच खाल्ली नाही. खिडकीतून चंद्रीला घालत होतो. दोन्ही वेळा. दुधाला वास येतो तो शेपूचा. तोही माझ्यामुळेच, आणि वास नाही म्हटलं तेव्हा मी खोटं बोललो."

पळी डोक्यात बसेल म्हणून मी वाट पाहिली. मावशी खाली बसली. हळूच, भिंतीला धरून.

"मला वास येत न्हाई, डाक्टर," ती म्हणाली. "आषाढात आडाच्या पायरीवरनं पडले. मागनं डोकं आपटलं. शुद्धीवर आले तवा नाक मेलेलं. आठ दिसांनी बघते तर जिभंची चव बी गेली. तिखट तेवढं झोंबतंय. बाकी सगळं माती."

"मग ते वाफेवरचं मीठ?"

"नुसतं तोंड धरून उभी ऱ्हायची. लोक बघत्यात म्हणून. मीठ हाताच्या सवयीनं घालायची." तिनं पदर तोंडाशी धरला. "सांगू कुणाला? चव नसलेल्या बाईच्या हातचं कोण जेवंल? मग तुमी आला. पयल्या आठवड्यात तुमच्या ताटात जरा जरा ऱ्हायचं. म्हणलं, खाऱ्या मुलकातला माणूस, ह्यास्नी मीठ कमी पडतंय. चिमूटभर वाढीवलं तर ताट लख्ख. मग रोज जरा जरा वाढवत गेले. जितकं मीठ वाढवावं तितकं तुमचं ताट चकचकीत. मला वाटलं, जमतंय. माझी जीभ गेली तर गेली, डाक्टरांचं ताट हाय."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मी माझी बिस्किटं चुकवत होतो, आणि तिची चूल मोडायला आली होती.

मावशीनं मान वर केली. काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं. "म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "चार महिनं मी शेळीच्या जिभंनं सैपाक केला?"

"हो, मावशी."

"तरीच गिऱ्हाइक टिकंना!" आणि ती हसली. तोंडावर पदर दाबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं ते मला ठाऊक नाही. मग एकदम थांबली, पदर खोचला आणि उभी राहिली. "मल्लप्पा बसलाय बाहीर. या हिकडं. वाट्या आणा परत, आन् जीभ काढा."

मी बाहेर जाऊन सगळ्यांच्या वाट्या आणि भाज्या गोळा केल्या. गुरुजी न विचारता उठून मला हातभार लावू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर जन्मठेपेतून सुटल्याचा आनंद होता.

"शेपू पिळा," मावशीनं हुकूम सोडला. "रस टाका. नैवेद्याचं बिनमिठाचं वरण हाय, त्यातली डाळ वर घाला." तिनं पळीतला थेंब माझ्या तळहातावर टाकला. "चाखा."

"खारट."

"निस्तं खारट म्हणू नका, गुरांचं डाक्टर हायसा का गुरं? कुटं लागतंय? टोकाला, का कडंला, का गिळल्यावर?"

मी पुन्हा चाखलं. "कडेला. गिळल्यावर जरा कमी."

"मग आणिक दोन पळ्या डाळ." पुन्हा थेंब. "आता?"

"आता... आता डाळ लागते आधी. मग शेपू."

"शेपू कसा?"

"उग्र."

"उग्रच आसतोय तो. वाईट हाय का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. हातात पळी घेतलेल्या बाईला दुसऱ्यांदा खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती. "वाईट नाही," मी म्हणालो. मलाच आश्चर्य वाटलं.

चाकवतात ताक आणि डाळीचं पीठ गेलं. भोगीच्या भाजीत तिळाचं आणि दाण्याचं कूट ओंजळीनं गेलं. प्रत्येक वेळी थेंब माझ्या तळहातावर, "आता?" आणि माझं उत्तर. मालवणच्या कुबलांच्या घराण्यात एवढी पालेभाजी तीन पिढ्यांत कुणी चाखली नसेल. शेवटी मेथीची पचडी राहिली. तिच्यात मीठ आयत्या वेळी घालायचं, नाहीतर मेथी पाणी सोडते. मावशीनं चिमूट घातली, कालवलं आणि माझ्या हातावर ठेवली. आधी कडू, मग दाण्याचं कूट, मग कांद्याचा झणका, आणि सगळं गिळून झाल्यावर कुठूनसं गोड.

"बरोबर वाटतंय," मी म्हणालो. "थांबा, आणखी एकदा बघतो."

तिनं दिली.

"खात्री करून घेतो."

"चाखताय का जेवताय?" मावशी म्हणाली आणि परात माझ्यापुढून उचलून बाहेर घेऊन गेली.

पुढचं मी दारात उभं राहून पाहिलं. गुरुजींनी पहिला घास घेतला, चावला, थांबले. मग चष्मा काढून पुसला आणि कुणाशी न बोलता सरळ जेवायला लागले. तलाठी पथ्य विसरला. कंडक्टरनं पचडी तीनदा मागून घेतली. पाण्याचे तांबे भरलेलेच राहिले. मल्लप्पा सगळ्यांच्या मागून उठला, हात धुतले आणि पदरानं घाम पुसत उभ्या असलेल्या वहिनीकडे न बघता म्हणाला, "गिरणी गोठ्याच्या कडंला बसीवतो. हितं बसीवली तर पिठाचा भुगा तुझ्या भाजीत पडंल."

"उद्या मी येतो," गुरुजी म्हणाले. "दोन्ही वेळा."

मग मीही माझ्या पाटावर बसून दोन्ही वाट्या पुसून खाल्ल्या. सगळे गेल्यावर मावशीनं स्वतःचं ताट वाढून घेतलं. ती नेहमी शेवटी आणि एकटी जेवायची. मी निघालो तर म्हणाली, "बसा. आज तुमी बसा."

मी बसलो. तिनं शेपूचा घास तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहत चावत राहिली. या वेळी ती ताटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"सांगा," ती म्हणाली. "कसा लागतोय?"

मी सांगायला लागलो. आधी लसूण येतो, मग डाळ मऊ लागते, आणि मग शेपू नाकात चढतो. ती सावकाश चावत होती, डोळे मिटून, पातेल्यावर तोंड धरायची तशी. मी थांबलो की बोटानं पुढे बोलायची खूण करायची. हे मी पुढे पाच वर्षं, माझी बदली होईपर्यंत, रोज करत राहिलो. तिचा पाट माझ्यासमोर आणि माझी जीभ तिच्या हवाली. पण त्या दिवशी मला ते नीट येत नव्हतं आणि तिलाही अजून पुरता विश्वास नव्हता.

"खरं सांगताय न्हवं?" तिनं डोळे उघडून विचारलं. "चार महिनं झकास म्हणत व्हता."

तेवढ्यात खिडकीत दोन खूर वाजले. शेजारणीनं चंद्रीला आणून परसात सोडली होती. तिनं तोंड आत घातलं, माझ्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गळा काढून ओरडली.

"चंद्रीला विचारा," मी म्हणालो. "आज तिच्या वाटणीचं पानसुद्धा उरलेलं नाही."

मावशीनं वळून शेळीकडे पाहिलं. चंद्री पुन्हा ओरडली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मावशीला तेवढा पुरावा पुरला.

"बरं, मग सांगा पुढं," ती म्हणाली आणि तिनं चाकवताचा घास घेतला.